ट्रकला ईजीटी मीटर बसवायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ईजीटी म्हणजे एक्झॉस्ट गॅस टेंपरेचर, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या गॅसचं तापमान. हे मुख्यतः बीएस३ आणि बीएस४ च्या (प्रदूषणाच्या जुन्या मानकांच्या) टर्बोवाल्या गाड्यांसाठी, म्हणजे त्याच गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा असलेल्या गाड्यांसाठी लिहिलंय, म्हणजे सहा टायर, दहा टायर, बारा टायर, टिपर. ज्यांचा डिझेल पिकअप आहे त्यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त बॅटरीचा प्रश्न वेगळा आहे तो खाली सांगितलाय.

पाण्याचा काटा आहे की गाडीत, मग हा वेगळा मीटर कशाला?

पाण्याचा काटा उशिरा कळवतो. ब्लॉक, हेड, रेडिएटरमधलं एवढं सगळं पाणी तापायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत जे व्हायचं ते आत होऊन गेलेलं असतं. ईजीटी मीटर थेट मॅनिफोल्डमधून (सगळ्या सिलिंडरचा गॅस गोळा करणाऱ्या लोखंडी नळकांड्यातून) बाहेर पडणाऱ्या गॅसचं टेंपरेचर दाखवतो, एक्सलेटर दाबला की दोन-तीन सेकंदात काटा हलायला लागतो. रत्नागिरीकडून माल भरून आंबा घाट चढताय, गाडी वरच्या गियरमध्ये रेटताय, तेव्हा पाणी नव्वदवर शांत असतं आणि मॅनिफोल्डमध्ये सातशे झालेलं असतं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू तर त्याच्याही आधी मऊ पडायला लागतो. पिस्टन वाचतो कारण खालून ऑइलचा फवारा त्याला थंड करत असतो आणि गरम गॅसचा झटका सतत नसतो, थांबून थांबून बसतो. पण टेंपरेचर वाढत गेलं की हे वाचवणारं अंतर कमी कमी होत जातं, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डला तडा, टर्बोचं चाक, पिस्टनचं डोकं, यातलं काहीतरी एक जातं. इंजिन खोलल्यावर मिस्त्री सांगतो ओव्हरहीट झालंय आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो काटा हाललाच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

डिझेलमध्ये गॅस जास्त तापतो कशाने?

डिझेल जास्त आणि हवा कमी. एवढंच लक्षात ठेवा. पेट्रोलवाल्यांकडून ऐकलेलं असतं की इंधन कमी पडलं की इंजिन तापतं, ते इथे लावू नका, डिझेलमध्ये उलटं आहे, हवा जितकी जास्त तितका गॅस थंड. म्हणून काळा धूर आणि चढलेला ईजीटी बहुतेक वेळा जोडीनेच येतात.

माझी गाडी बीएस६ आहे, मी बसवू का?

नको. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ गाड्यांमध्ये डीपीएफ (काजळीचा फिल्टर) आणि एससीआर (युरियाने गॅस साफ करणारी यंत्रणा) सांभाळायला कंपनीनेच एक्झॉस्टमध्ये टेंपरेचर सेन्सर दिलेत आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्यांच्यावर लक्ष ठेवतो. मॅनिफोल्डला भोक पाडलं तर वॉरंटीचा वाद होणार, आणि कंपनीच्या सेन्सरच्या वायरीला बाहेरचा मीटर जोडायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, सेन्सरची जात वेगळी असू शकते आणि ईसीयू लगेच एरर टाकेल. आकडा बघायचाच असेल तर ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून बघता येतो. आणि डीपीएफची साफसफाई चालू असताना तिथे साडेपाचशे-सहाशे डिग्री दिसलं तर घाबरू नका, ते मुद्दाम केलेलं असतं.

सामान काय काय लागतं?

के टाइप थर्मोकपलचा प्रोब (गॅसमध्ये बसणारी, टेंपरेचर ओळखणारी सळई), त्याचं फिटिंग (बहुतेक १/८ इंच एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाच्या निमुळत्या आट्याचं), मीटर, के टाइपचीच एक्स्टेंशन वायर, छोटा फ्यूज, आटे न चिकटण्यासाठीची निकेल किंवा कॉपरची अँटीसीझ पेस्ट, आणि टर्बोजवळून वायर नेण्यासाठी फायबर ग्लासची स्लीव्ह. स्वस्तातले प्रोब भट्टीसाठी, ओव्हनसाठी बनवलेले असतात, ते एका जागी स्थिर राहायला ठीक पण ट्रकच्या हादऱ्याला तुटतात. गाडीसाठीच बनवलेला, स्टीलच्या जाड नळीत बंद असलेला घ्या. मीटर एकवेळ साधा चालेल, प्रोबमध्ये पैसे वाचवू नका कारण तो टर्बोच्या तोंडाशी बसणार आहे.

मीटर १२ व्होल्टचा आहे आणि गाडी २४ व्होल्टची, आता?

मोठ्या गाडीत दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, मग सगळ्यांना सुचणारा उपाय एकच, दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचे. असं करू नका. त्या एका बॅटरीतून करंट जास्त खेचला जातो, चार्जिंग दोघींना एकत्रच होतं, मग एक कायम अर्धवट भरलेली आणि दुसरी ओव्हरचार्ज, आणि काही महिन्यांत जोडी खराब. मीटर लहान असतो म्हणून फरक पडत नाही असं म्हणणारे त्याच तारेवर नंतर मोबाइल चार्जर आणि टेपही लावतात. २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो तो लावा, नाहीतर सरळ २४ व्होल्टवर चालणारा मीटर मागवा. सप्लाय चावी ऑन केल्यावर येणाऱ्या वायरीवरून घ्या, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज टाका. पिकअप १२ व्होल्टचे असतात, त्यांना हा प्रश्नच नाही.

प्रोब टर्बोच्या आधी लावायचा की नंतर?

आधी. टर्बोच्या नंतर लावणं सोपं आहे हे मान्य, सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडायचं, एक नट वेल्ड करायचा, झालं, टर्बोत काही पडायची भीती नाही. पण गॅस टर्बो फिरवून पुढे जाताना थंड झालेला असतो, लोडवर तो फरक शंभर ते दोनशे डिग्रीपर्यंत जातो, आणि अडचण अशी की हा फरक कायम एकच नसतो, लोड बदलला की फरक बदलतो. म्हणजे नंतरच्या आकड्यात दीडशे मिळवून खरा आकडा काढू म्हणाल तर तो हिशेब नेमका घाटातच चुकतो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह काय सोसतायत ते आधीचाच प्रोब सांगतो.

प्रोब तुटून टर्बोत जाईल ही भीती खोटी नाही. त्याचा उपाय चांगला प्रोब आणि दर सर्व्हिसला एकदा बघणं. तरीही ज्यांना मॅनिफोल्डला हात लावायचाच नाही त्यांनी नंतर लावावा, अजिबात नसण्यापेक्षा बरं, फक्त एक्झॉस्ट ब्रेकच्या (गॅसची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकच्या) फ्लॅपपासून लांब आणि टर्बोच्या जवळ लावा.

मॅनिफोल्डवर नक्की कुठे?

जिथे सगळ्या सिलिंडरचा गॅस एकत्र होऊन टर्बोच्या फ्लँजकडे (जोडाच्या चपट्या कडेकडे) जातो तिथे, फ्लँजच्या एक-दोन इंच अलीकडे. एकाच सिलिंडरच्या नळीवर लावला तर त्या एकट्याचंच कळतं. सहा सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत टर्बोच्या तोंडाशी दोन कप्पे असतात, पुढच्या तीन सिलिंडरचा एक आणि मागच्या तीनचा एक, मध्ये भिंत. त्या भिंतीवर ड्रिल गेलं तर सगळाच घोटाळा, म्हणून टर्बो काढून फ्लँजमधून आत बघा आणि दोनपैकी एका कप्प्याच्या मधोमध खूण करा. प्रोबचं टोक गॅसच्या वाटेच्या मध्यावर यायला हवं, भिंतीला टेकलं तर मॅनिफोल्डच्या लोखंडाचं टेंपरेचर दिसेल आणि ते नेहमी उशिरा आणि कमी असतं. बाहेरून हाताला जागा आहे का, पाना फिरतो का, जवळून डिझेलचा किंवा ब्रेकच्या हवेचा पाइप जातो का, हेही खूण करायच्या आधीच बघून घ्या.

टर्बो न काढता, गाडीवरच ड्रिल मारलं तर चालतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो कारण वेळ वाचतो. लोक करतात. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस थापतात म्हणजे कीस चिकटून बाहेर येईल, शेवटचा पापुद्रा राहिला की इंजिन चालू करून गॅसच्या जोराने कीस बाहेर उडवतात, मग काठीला चुंबक लावून आत फिरवतात. बीड लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो हे बरोबर आहे. पण टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे मारू शकतं आणि त्या वेगात तांदळाएवढा तुकडासुद्धा पात्याची कड उडवतो. कड उडाली की चाकाचा बॅलन्स गेला, बॅलन्स गेला की बेअरिंग गेलं. चालू इंजिनवर ड्रिल धरून वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात गरम कीस जाणं हा आणखी वेगळा धोका.

माझं स्पष्ट मत आहे, मॅनिफोल्ड काढा. फ्लँजचं गॅस्केट नवीन लागेल, जुने स्टड गंजलेले असतील तर आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, एखादा तुटेलही, अर्धा दिवस जास्त जाईल. नव्या टर्बोच्या बिलापुढे हा अर्धा दिवस काहीच नाही. टर्बो किंवा मॅनिफोल्ड कधीतरी दुसऱ्या कामासाठी खोलायचाच असतो, तो मुहूर्त साधून हे काम करून घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

ड्रिल मारताना आधी चार मिमीचं पायलट भोक, मग ८.५ ते ८.७ मिमी, स्पीड कमी आणि दाब सारखा. मग टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. एनपीटीचा टॅप निमुळता असतो, पूर्ण आत घालायचा नाही, मध्ये मध्ये काढून फिटिंग लावून बघायचं, हाताने तीन-चार आटे गेलं की थांबायचं. जास्त टॅप केलं तर फिटिंग तळाला जाऊन बसतं आणि कधीच आवळत नाही. शेवटी मॅनिफोल्ड उलटा करून ठोका, हवा मारा, आत बोट फिरवून बघा, आणि मगच बसवा.

१/८ इंच बीएसपी (ब्रिटिश मापाचा) टॅप गॅरेजमध्ये आहे, तोच वापरू का?

नाही. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. सुरुवातीला दोन आटे छान जातात म्हणून वाटतं जमलं, मग जोर लावला की आटे चिरडतात आणि एक्झॉस्ट ब्रेक दाबल्यावर आतला दाब वाढला की तिथून गॅस गळतो, बाजूला काजळीचा काळा फराटा दिसतो. फिटिंग ज्या आट्याचं असेल त्याचाच टॅप आणा. लेथवाल्याकडे फिटिंग घेऊन गेलात तर तो गेज लावून लगेच सांगेल.

वायर कमी पडते, साधी वायर जोडली तर काय होईल?

इथेच बहुतेक जणांचं काम बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या, के टाइपमध्ये क्रोमेल आणि अल्युमेल. टोक आणि मीटर यांच्या टेंपरेचरमध्ये जो फरक असतो त्याप्रमाणे त्यात अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. आता इंजिनजवळ तुम्ही साधी तांब्याची वायर जोडली आणि त्या जोडाजवळ ८० डिग्री आहे, केबिनमध्ये ३५ आहे, तर मधले ४५ डिग्री मीटरला कळतच नाहीत आणि आकडा ४५ ने कमी दिसतो. जास्त दिसला असता तर एकवेळ चाललं असतं, ड्रायव्हरने पाय लवकर उचलला असता. कमी दाखवणारा मीटर मात्र नसलेल्या मीटरपेक्षा वाईट. म्हणून मीटरपर्यंत के टाइपचीच वायर न्यायची.

दुसरी गडबड प्लस-मायनसची. अमेरिकन पद्धतीच्या वायरीत पिवळी प्लस आणि लाल मायनस असते, आपल्याकडे प्रत्येक इलेक्ट्रिशियन लाल म्हणजे प्लस धरूनच चालतो, तिथेच उलटं होतं. युरोपियन रंगात हिरवी प्लस आणि पांढरी मायनस. रंगाची खात्री नसेल तर तार सोलून चुंबक लावा, अल्युमेलची तार चुंबकाला ओढली जाते, क्रोमेलची नाही, जी चिकटते ती मायनस. एकाच टोकाला उलटं झालं तर काटा गरम केल्यावर खाली जातो म्हणून लगेच सापडतं. पण एक्स्टेंशन वायर दोन्ही टोकांना उलटी जोडली गेली तर काटा बरोबर वर जातो, सगळं ठीक वाटतं, आणि वरच्याच उदाहरणात आकडा ४५ च्या दुप्पट म्हणजे ९० डिग्रीने कमी दिसतो. हे नुसतं बघून कळत नाही, जोड करतानाच चुंबक लावून घ्या.

आणि ज्या जुन्या पद्धतीच्या काट्याच्या मीटरला बॅटरी लागतच नाही, त्याच्यासोबत आलेली वायर कापू नका आणि वाढवू पण नका, तिचा रेझिस्टन्स धरूनच तो मीटर बनवलेला असतो. उरलेली वायर गुंडाळून डॅशबोर्डमागे बांधून ठेवा.

वायर नेताना स्टार्टरच्या जाड केबलपासून आणि अल्टरनेटरपासून लांब ठेवा. केबिन टिल्ट होते हे विसरू नका, टिल्टच्या जागी सैल सोडा नाहीतर पहिल्यांदा केबिन उचलली की वायर तुटणार.

मीटर बरोबर दाखवतोय का ते कसं बघायचं?

प्रोब मॅनिफोल्डमध्ये घालायच्या आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. समुद्राजवळ १००, पुण्याला साधारण ९८, महाबळेश्वरला ९५-९६ दिसायला हवं कारण उंचीवर पाणी लवकर उकळतं. मीटरचा काटा दोनशेच्या पुढेच सुरू होत असेल तर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून बघा, ७०० डिग्रीच्या फरकाला साधारण २९ मिलिव्होल्ट येतात त्यावरून अंदाज घ्या.

नंतर कधी मीटर वेडावाकडा दाखवायला लागला तर मीटरच्या मागची प्रोबची दोन टर्मिनल छोट्या तारेने एकमेकांना जोडा. डिजिटल मीटर असेल तर त्याने केबिनचं टेंपरेचर दाखवायला हवं. दाखवलं तर मीटर चांगला, दोष वायरीत किंवा प्रोबमध्ये.

किती टेंपरेचर नॉर्मल आणि किती धोक्याचं?

प्रत्येक इंजिनची गोष्ट वेगळी असते, पण टर्बोच्या आधीच्या प्रोबला साधारण असं दिसतं: गरम इंजिन आयडलिंगला १०० ते २००, सपाट हायवेला ३०० ते ४५०, भरलेली गाडी चढाला ५५० ते ६५०. मी ६५० ला पाय हलका करायला सांगतो आणि ७०० ही शेवटची रेघ धरतो. ओव्हरटेक करताना काही सेकंद काटा पुढे गेला तर लगेच काही होत नाही, दहा मिनिटं तिथेच राहिला तर होतं. प्रोब टर्बोच्या नंतर असेल तर ५०० लाच सावध व्हा.

सगळ्यात कामाचा आकडा मात्र तुमच्या स्वतःच्या गाडीचा आहे. गाडी तंदुरुस्त असताना नेहमीच्या घाटात, नेहमीच्या लोडवर काटा कुठे असतो ते वहीत लिहून ठेवा.

घाटात काटा चढत चाललाय, काय करायचं?

गियर खाली घ्या. बऱ्याच जणांना वाटतं आरपीएम वाढला की इंजिन जास्त तापेल, पण आरपीएम वाढला की टर्बो जास्त हवा देतो, पाण्याचा पंपही वेगाने फिरतो, त्याच चढाला प्रत्येक स्ट्रोकला डिझेल कमी लागतं, आणि काटा तुमच्या डोळ्यासमोर खाली येतो. वरच्या गियरमध्ये गाडी दबकत, थरथरत, एक्सलेटर पूर्ण दाबून चढवणं हे इंजिनचे सगळ्यात जास्त हाल करणारं ड्रायव्हिंग आहे. चढ सुरू व्हायच्या आधीच गियर टाका, मध्यावर गाडी मरायला लागल्यावर नाही.

चढ नाही, लोड नेहमीचाच, तरी काटा जास्त दाखवतोय?

म्हणजे हवा कमी पडतेय. सगळ्यात आधी एअर फिल्टर, खडी क्रशरवर किंवा उसाच्या फडात जाणाऱ्या गाड्यांचा फिल्टर लवकर भरतो. मग इंटरकूलरचे होज, क्लिप सैल झालेली असते किंवा होजला खालच्या बाजूने चीर गेलेली असते, तिथे ऑइलचा ओलसर डाग दिसतो आणि लोडवर शिट्टीसारखा आवाज येतो. मग इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि पाचट. हे सगळं ठीक असेल तर टर्बो, वेस्टगेट (जादा गॅस टर्बोच्या बाजूने सोडणारी झडप), नोझल (डिझेलचा फवारा मारणारं) आणि टायमिंगकडे वळा. ह्या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा फुकटातच काम होतं.

डिझेलचा पंप वाढवलाय (जास्त डिझेल सोडेल असा सेट केलाय), मग मीटर लावायलाच हवा का?

हो, आणि पंप वाढवायच्या आधी लावायला हवा. मेकॅनिकल पंपवर डिझेल वाढवलं की पिकअप लगेच जाणवतो, पण हवा तेवढीच राहते, म्हणून टेंपरेचर पण वाढतं आणि ते सीटवर बसून जाणवत नाही. ज्याने पंप वाढवला तो गाडी रिकामी पळवून दाखवतो, भरलेली गाडी घाटात तुम्हीच नेणार असता. ६५० च्या वर काटा रेंगाळत असेल तर पंप परत खाली घ्या.

गाडी बंद करताना ह्याचा काही उपयोग?

घाट चढून लगेच चहाला थांबतो आपण आणि चावी बंद करतो. टर्बो तेव्हा तापलेला असतो, ऑइलचा पुरवठा बंद होतो आणि बेअरिंगमधलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा, काटा दीडशे-दोनशेच्या मध्ये आला की बंद करा. मीटर असला की अंदाज करावा लागत नाही.

मीटर फॅरनहाइटमध्ये आहे, कसं समजायचं?

१२०० फॅरनहाइट म्हणजे साधारण ६५० सेल्सिअस आणि १३०० म्हणजे ७०५. काचेवर ह्या दोन जागी नेलपेंटची खूण करा, पिवळी आणि लाल, बाकी काही लक्षात ठेवायला नको.

आरटीओची परवानगी लागते का?

मीटरने आरसीवरची कुठलीच माहिती बदलत नाही, त्यामुळे हा गाडीतला बदल धरला जात नाही.

मालक आहे, गाडी ड्रायव्हर चालवतो. त्याला काय सांगू?

आधी हे सांगा की मीटर त्याच्यावर नजर ठेवायला लावलेला नाही. मग त्याच्या बाजूला बसून एक घाट चढा, वरच्या गियरमध्ये काटा कुठे जातो आणि खालच्यात कुठे येतो ते त्याला स्वतःला बघू द्या, त्यानंतर सांगावं लागत नाही. आणि काटा बघून हळू आलो म्हणून तो अर्धा तास उशिरा पोचला तर फोनवर त्याला ओरडू नका. एकीकडे ट्रिपची घाई करायची आणि दुसरीकडे इंजिन सांभाळ म्हणायचं, ह्यात तो बिचारा मधल्या मध्ये भरडला जातो. काटा कायम दिसेल असा, स्टिअरिंगच्या मागे किंवा खांबावर लावा, मान वळवावी लागली तर कोणी बघत नाही.

प्रोब किती दिवस टिकतो?

चांगला प्रोब काही वर्षं आरामात जातो, पण सर्व्हिसला फिटिंग ढिलं आहे का आणि बाजूला काजळी आहे का एवढं बघा. वर्षातून एकदा थंड इंजिनवर काढून टोक बघा, नळी बारीक झाली असेल, खड्डे पडले असतील किंवा वाकली असेल तर बदला. परत बसवताना अँटीसीझ फक्त आट्यांना लावा, टोकाला नाही, आणि फिटिंग बेताने आवळा, बीड लोखंडाला जास्त जोर सोसत नाही.